चार्जिंगचं कपाट

"वैजयंता गवंडी इथंच असतात ना?"

गेटशेजारच्या खोलीत बाकावर बसलेल्या माणसानं विचारलं आणि मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. उमाकांत पांचाळ. वय बेचाळीस, घटस्फोटित, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, सोलापूर. फोटोत डोक्यावर टोपी होती. आता ती नव्हती, आणि फोटोत का होती तेही कळलं. मांडीवर पत्र्याचा चौकोनी डबा घेऊन तो अंग चोरून बसला होता.

तो मला ओळखत नव्हता. मी मात्र तीन महिने रोज त्याचे मेसेज वाचत होते. बऱ्याचदा वैजूच्या आधी.

"तुम्ही कोण त्यांचे?" मी साळसूदपणे विचारलं.

"ओळखीचा आहे. आज बाराला त्यांची ती मीटिंग आहे ना, म्हणून आलो. उमाकांत आलाय एवढं सांगा. घाई नाही, मी बसतो."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. बाराला मंडळ बसणार आणि वैजूला सोडायचं की ठेवायचं ते ठरणार. मी गेटवरच्या रणपिसे शिपायाला म्हटलं, "रणपिसे, चहा पिऊन या जरा." तो गेला. मी दार लोटून घेतलं.

आमचं सरकारी मनोरुग्णालय. गावाचं नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय? मी तिथं समाजसेवा अधीक्षक होते, सव्वीस वर्षं. सगळे मला हंचाटेबाई म्हणायचे. पेशंटच्या घरी पत्रं लिहायची, नातेवाइकांना बोलावून घ्यायचं, समजूत घालायची, ही माझी नोकरी. पूर्वी रीत अशी होती की नातेवाईक आणून सोडायचे आणि नातेवाइकांनीच न्यायचं. नाही आले तर पेशंट आपला आत. वैजयंता अकरा वर्षं आत होती. नवऱ्यानं टाकल्यावर भावानं आणून सोडली, पत्ता खोटा दिला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. पहिली दोन वर्षं ती खरंच फार आजारी होती. पुढची नऊ वर्षं ती तुमच्या-माझ्यासारखी ठणठणीत होती, हॉस्पिटलच्या चादरी आणि झगे शिवत होती, नव्या बायकांना मशीन शिकवत होती. नऊ वर्षं एक बरी बाई आम्ही कोंडून ठेवली आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग नवा कायदा आला. बाहेरचं मंडळ येऊन बसायला लागलं, त्यात एक निवृत्त न्यायाधीश. बरा झालेला माणूस नातेवाईक आले नाहीत तरी जाऊ शकतो. पेशंटला स्वतःचा फोन ठेवता येतो. पेशंटची पत्रं कोणी वाचायची नाहीत.

हे शेवटचं माझ्या जिवावर आलं. वीस वर्षं वॉर्डातलं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावर उघडं यायचं. मी वाचायचं, कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं खूण करायची, मग पाकीट चिकटवायचं. पत्रात शिव्या असल्या तर पत्र फायलीत. 'मला घेऊन जा' असं दहाव्यांदा असलं तरी फायलीत, उगाच नातेवाईक वैतागायला नकोत. मला ते कधी पाप वाटलं नाही, उलट आपण किती लक्ष देतो असंच वाटायचं.

फोन आले तेव्हा एक अडचण झाली. चार्जरची वायर वॉर्डात चालत नाही. वायरीचा फास होतो, हा आमच्याकडचा जुना धडा. म्हणून सगळे फोन संध्याकाळी पाचला माझ्या ऑफिसातल्या कपाटात चार्जिंगला लागायचे, सकाळी आठला परत. वैजूनं शिवणाच्या कमाईतून फोन घेतला तेव्हा लॉकचा पॅटर्न मीच तिला घालून दिला होता. इंग्रजी झेडसारखा, सोपा.

जोडीदार शोधायचं ते अ‍ॅप तिनंच टाकलं. सिस्टर मंडळी खुदूखुदू हसली. मी कुणाला हसू दिलं नाही, पण मनातून चरकले होते. 'काय करता?' या रकान्यात तिनं लिहिलं, हॉस्पिटलमध्ये शिवणकाम. ते खोटं नव्हतं. पहिल्या दोघांना तिनं चौथ्या दिवशी खरं सांगितलं. एकानं तिला ब्लॉक केलं. दुसऱ्यानं जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. वैजू दोन दिवस जेवली नव्हती. ते मेसेज मी वाचले होते म्हणून मला कारण कळलं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसरा हा उमाकांत. त्याला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांच्या मेसेजांत आजार नाही, वॉर्ड नाही, काही नाही. त्याला वाटत असणार, ही सरकारी नोकरीतली बाई आहे, क्वार्टरमध्ये राहते. म्हणून मंडळासाठी माझा जो अहवाल होता त्यात मी लिहिलं, 'परक्या पुरुषाशी ओळख वाढवली आहे, स्वतःची परिस्थिती लपवते, निर्णयक्षमता कच्ची. अजून सहा महिने थांबावे.'

आणि आज हा माणूस डबा घेऊन दारात. मला वाटलं, मंडळाच्या आधी त्याला कळलं तर बरं. आत्ता पळाला तर तिला इथं सांभाळता येईल. सुटून सोलापूरच्या पुनर्वसन गृहात एकटी असताना पळाला तर कोण आहे तिला?

"पांचाळ," मी म्हटलं, "वैजयंता इथं काय करतात ते माहीत आहे तुम्हाला?"

"शिवतात."

"आणि?"

"आणि राहतात."

"पेशंट आहे ती इथली. अकरा वर्षं झाली."

बोलून गेले. असं तिऱ्हाइताला सांगायची मला परवानगी नव्हती, पण बोलून गेले. आता याचा चेहरा पडणार म्हणून मी बघत राहिले.

"हो," तो म्हणाला. "त्यातली नऊ वर्षं बऱ्या आहेत. पहिली दोन वर्षं भिंतीतून आवाज यायचे. सासूच्या आवाजात."

सासूच्या आवाजाचं फायलीतही नव्हतं. ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच. दुसऱ्या दिवशी, फोनवर. म्हणाल्या, आधीचे दोघं चौथ्या दिवशी पळाले. तुम्हाला पळायचं तर आजच पळा, माझं मशीन चालू आहे."

"मग मेसेजात तर त्याचं—"

मी जीभ चावली. पण बाण सुटला होता. तो मान वर करून माझ्याकडे बघायला लागला.

"तुम्ही हंचाटेबाई."

"हो."

तो चिडला असता तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला.

"त्यांनी पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "खरं बोलायचं ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर. मेसेजमध्ये साधंसुधं लिहा. फोन रात्री बाईंच्या कपाटात असतो."

"एवढं कळत होतं तर पॅटर्न बदलायचा होता तिनं!" माझा आवाज चढला. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ना, तशी गत.

"मीपण तेच म्हटलं. तर म्हणाल्या, बदलला की उद्या फायलीत लागेल, लपवते, संशयी झाली. इथं संडासाची कडी जास्त वेळ लावली तरी फायलीत लागतं."

मला बसावंसं वाटलं, पण बाकावर त्याच्या शेजारीच जागा होती. मी उभीच राहिले. आणि तोंडातून काय निघावं?

"ती खिचडी?"

"कसली?"

"मुगाची. मीठ विसरला होतात. तशीच खाल्लीत, रागवायला कोणी नाही म्हणून."

तो ओशाळला. "ती खरीच होती. पण लिहिली ती... त्या म्हणाल्या होत्या, घरातलं काहीतरी लिहीत जा. बाईंना आवडतं."

आता सांगून टाकते, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिला आठवडा मी काळजीपोटी वाचलं. नंतर मला चटक लागली. मी एकटी होते. लग्न केलं नाही असं नाही, राहून गेलं. पाच वाजले की मी कपाटाला किल्ली लावायची आणि आधी वैजूचा फोन काढायची. सोलापुरातल्या एका माणसानं आज काय रांधलं, कोणत्या मशीनची सुई मोडली, पावसानं दुकानात कुठं गळलं, हे वाचल्याशिवाय मला घरी जाववत नव्हतं. दोन दिवस त्याचा मेसेज आला नाही तर माझं जेवणावरून मन उडायचं. ती खिचडी वाचून मी घरी एकटीच हसले होते. 'सहा महिने थांबावे' असं लिहिताना मला तिची काळजी होती हे खरं. पण ती गेली तर पाचनंतर मी काय वाचणार, हेही मनात होतंच. आज शपथेवर सांगते, होतं.

"बाई, एक विचारू?" उमाकांत म्हणाला. "त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की फोन कोणीतरी वाचतं. डॉक्टर म्हणाले, मी चौकशी करतो. तुम्हाला विचारलं होतं का त्यांनी?"

"तुम्ही बसा इथं," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

विचारलं होतं. दीड महिन्यापूर्वी, व्हरांड्यात. डॉक्टर फैयाज मुजावर, नवा पोरगेलासा डॉक्टर, पण कामाला चोख. "बाई, वैजयंता म्हणते तिचा फोन कोणीतरी वाचतं. तुमच्या कपाटात असतो ना? कोणी हात लावतं का?"

"छे हो डॉक्टर," मी म्हटलं होतं. "किल्ली माझ्या कमरेला असते."

एवढंच एक वाक्य. डॉक्टरांनी फायलीत लिहिलं, 'संशयाची लक्षणं पुन्हा दिसू लागली.' आणि रात्रीची गोळी एकाच्या दोन केल्या. त्यानंतर वैजू मशीनवर पेंगायला लागली. पंधरा दिवसांपूर्वी तिचं बोट सुईखाली गेलं. पट्टी मीच बांधली. बांधता बांधता म्हटलंही, "लक्ष कुठं असतं गं तुझं?"

मी ऑफिसात आले. समोर ते हिरवं कपाट. अहवाल कालच मंडळाच्या फायलीत गेला होता, फाडायची सोय नव्हती. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. पेशंटच्या खाजगी गोष्टींत हात घालणाऱ्याची गय होणार नाही, असं ट्रेनिंगमध्ये साहेबांनी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. त्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट माझ्या मागं भिंतीवर फ्रेममध्ये होतं. मी दोन ग्लास पाणी प्यायले आणि बारा वाजले.

मंडळ लायब्ररीत बसायचं. मध्ये न्यायाधीश, बाजूला डॉक्टर मुजावर, शेवटच्या खुर्चीत मी. वैजू आत आली. स्वतः शिवलेला निळा ड्रेस, केस चापूनचोपून बसवलेले, बोटाला पट्टी. तिनं सगळ्यांना नमस्कार केला.

न्यायाधीशांनी कागद चाळले. "सोलापूरच्या पुनर्वसन गृहात जागा आहे. तिथं युनिफॉर्म शिवायचं काम आहे. चांगलं आहे. पण हंचाटे मॅडम लिहितात, सहा महिने थांबावं. डॉक्टर, तुमचं मत?"

"सर, एरवी सगळं ठीक आहे. पण मध्यंतरी संशय सुरू झाला होता. आपला फोन कोणीतरी वाचतं असं म्हणत होती. मी खात्री करून घेतली, तसं काही नव्हतं. औषध वाढवलं."

"असं." न्यायाधीशांनी चष्मा काढला. माणूस मऊ होता. "वैजयंताताई, अजून वाटतं का तसं?"

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मशीनमध्ये दोरा ओवल्यावर तो धरेल की तुटेल हे बघायला ती ओढून बघायची, तसं पाहिलं. माझं तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण शब्द फुटायच्या आत तीच बोलली.

"नाही साहेब. मध्ये वाटायचं. औषधानं गेलं."

"म्हणजे तो भास होता?"

"हो साहेब. भास होता."

डॉक्टरांनी समाधानानं मान हलवली. "आपला आजार आपल्याला ओळखू येणं, ही मोठी गोष्ट आहे," न्यायाधीश म्हणाले. "सहा महिने कशाला? सोडायला हरकत नाही." त्यांनी सही केली. वैजूनं पुन्हा सगळ्यांना नमस्कार केला, मलाही.

मी बाहेर आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला सुटका मिळाली, माझी पेन्शन वाचली, कुणाचं काही अडलं नाही. असं मी वॉर्डापर्यंत चालत चालत मनाशी घोकत गेले.

वैजू सामान बांधत होती. सामान म्हणजे काय, एक गाठोडं आणि एक पिशवी. औषधखान्यातून महिनाभराचं पाकीट आलं होतं, त्यावर लिहिलेलं, रात्री दोन.

"गाडी सव्वाचारची आहे, बाई," ती म्हणाली. "उमाकांत सोबत येतोय. पत्र्याच्या डब्यात सुया आणल्यात त्यानं, इथल्या मशीनना. मी गेल्यावर कोण बघणार मशीनकडं, म्हणून."

"बरं केलं."

तिनं गाठोड्याची गाठ मारली. मग ते पाकीट माझ्यापुढं धरलं.

"एक काम होतं. तिथं आठ तास मशीन आहे, पीसवर मजुरी. दोन गोळ्यांनी हात जड होतो माझा. डॉक्टरांना सांगून एकच करून द्या."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर औषध नाकारते असं लागेल. तुम्ही सांगितलं तर होईल."

वॉर्डात पंखा कुरकुरत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती.

"वैजू," मी हळू आवाजात म्हटलं, "मघाशी खोटं का बोललीस?"

"खरं बोलून बघितलं होतं, बाई. त्याचीच तर ही दुसरी गोळी."

तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि खाटेवरची चादर काढून घडी घालायला लागली. शेवटची घडी, पण कोपऱ्याला कोपरा जुळवून.

अडीच वाजले होते. ओपीडीत डॉक्टरांपुढं रांग होती. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. नळावर जाऊन तोंड धुतलं. मनात आलं, गोळीचं नुसतं सांगावं, झोप येते म्हणावं, कारण सांगायची काय गरज आहे? मग आठवलं, डॉक्टर विचारणारच, आणि संशय परत आला तर काय म्हणून मान हलवणार. त्यांनी तिला माझ्या शब्दावर आजारी ठरवलं होतं. माझ्याच शब्दावर ती बरी होणार होती. मी पुन्हा गेले आणि रांग मोडून आत शिरले. पदर उगाचच डोक्यावर घेतला होता, सासरी आल्यासारखा.

"डॉक्टर, वैजयंताची गोळी पूर्वीसारखी एक करा."

"का? आत्ताच तर तिला बरं वाटतंय."

"तिला भास नव्हता झाला. तिचा फोन वाचला जात होता."

"कोण वाचत होतं?"

"मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या पेशंटला बाहेर बसायला सांगितलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो."

"तुम्ही हसला होतात."

हसले होते हे मी विसरले होते. त्यांनी सांगितल्यावर माझं मलाच ते हसू दिसलं.

"तुमच्या एका शब्दावर मी त्या बाईला दीड महिना औषध दिलं," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "तिचं बोट गेलं असतं. आणि आज तिनं माझ्यासमोर भास होता म्हणून सांगितलं. मी मान हलवली. मी मान हलवली, बाई!"

रडायला येत होतं, पण रडणं म्हणजे पुन्हा आपलंच कौतुक करून घेणं. मी उभी राहिले.

"यानं तिचं सुटणं अडकेल का?" मी विचारलं.

"तिचं काय अडकायचंय? अडकाल तुम्ही. लिहून द्या सगळं."

मी लिहून दिलं. स्वतःच्या हातानं, तारखेसकट, कधीपासून वाचते, काय उत्तर दिलं होतं, सगळं. डॉक्टरांनी वैजूची फाईल मागवली, नवं पान लावलं आणि लिहिलं, 'रुग्णाची तक्रार खरी होती. संशयाची नोंद रद्द. गोळी पूर्ववत एक. मंडळास व वैद्यकीय अधीक्षकांस कळवावे.' त्याची झेरॉक्स आणि नवी चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला नेऊन द्या. पोस्टानं नको."

पुढं माझी चौकशी झाली, दोन वेतनवाढी गेल्या, त्याचं रडगाणं इथं नको. ते कपाट मात्र महिन्याभरात हललं. वॉर्डाच्या भिंतीत उंचावर जाळीचे कप्पे बसवले, ज्याचा कप्पा त्याची किल्ली, वायर आतल्या आत. वायरीचा फास कुणाला लागला नाही. इतक्या सोप्या गोष्टीला आम्हाला इतकी वर्षं का लागली, हे मला कोणी विचारू नये.

याला आता सात वर्षं झाली. त्या दोघांचं लग्न झालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मला माहीत आहे ते त्या दिवशी सव्वाचारपर्यंतचं.

रिक्षानं मी स्टँडवर पोचले तेव्हा सोलापूर गाडी लागलेली होती. उमाकांत गाठोडं घेऊन दाराशी उभा होता, डोक्यावर टोपी. वैजू त्याच्या शेजारी. मला धावत येताना बघून ती एक पाऊल मागं सरली. मला वाटतं, तिला वाटलं मी परत न्यायला आले.

"घे," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "गोळी एक झाली. आणि हा दुसरा कागद वाच."

तिनं कागद घेतला. एकदा वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला, पहिल्या ओळीपाशी बोट बराच वेळ थांबलं. उमाकांत तिच्या खांद्यावरून डोकावला नाही.

"हे फायलीत लागलं?" तिनं विचारलं.

"लागलं."

"पान?"

"एकशे चौदा."

"एकशे चौदा," ती म्हणाली. कागदाची चौपदरी घडी घालून तिनं ती पर्समध्ये ठेवली, चेन लावली. आभार मानले नाहीत, आणि मलाही ते अपेक्षित नव्हते. माफी मागायचं मी रिक्षात ठरवलं होतं. तोंड उघडलं तर कंडक्टर ओरडला, "चला सोलापूर, चला!"

उमाकांतनं गाठोडं आत ठेवलं. वैजू पायरीवर चढली, मग थांबली. तिनं फोन काढला आणि माझ्याकडे पाठ केली. दोन्ही कोपर अंगाशी घेऊन, मान खाली घालून तिचं बोट फोनवर फिरत होतं. झेड काढायला इतका वेळ लागत नाही. नवा पॅटर्न दोनदा काढावा लागतो.

उमाकांतनं तोंड दुसरीकडे केलं. तेव्हा मीही मान फिरवली, आणि गाडी हलेपर्यंत पलीकडच्या फलाटावरचं वेळापत्रक वाचत उभी राहिले.